नानांच्या गाडीतला पिवळा दिवा

किस्से कणगीच्या तळाशी कोंडा साचावा तसे साचतात. मुद्दाम कोणी घालत नाही, पण हात घातला की मूठभर निघतातच. होटगी रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसतो. गेल्या वर्षीचे बहुतेक किस्से एकाच जागी उगवले : नाना जोश्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर!

*

नानांची हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. सोलापुरात पाण्याची पाळी चार-पाच दिवसांनी येते. त्यामुळे नळ हा त्यांच्या घरी पूज्य विषय. “नळ पिळायचा नाही. हलकेच टेकवायचा. वायसर टिकतो!” मुलगा अभय याच शिस्तीत वाढला. एकदा मुलीकडचे व्याही हात धुऊन नळ करकचून बंद करू लागले, तेव्हा नाना भरल्या पंक्तीतून उठले. “व्याहीबुवा, राहू द्या. तो मी लावतो!”

*

दसऱ्याच्या महिनाभर आधी गाडीत ‘इंजिन तपासा’ अशा अर्थाचा पिवळा दिवा लागला. नानांनी निष्पाप मनाने पुण्याला अभयला फोन केला. उत्तर तत्काळ आले. “बाबा, दिवाळीला येतोय. तोवर तो लाइट गेला नाही, तर गाडी विकून टाकू. या वयात कशाला रिस्क? रिक्षा आहेत की!”

नाना दर पंधरवड्याला पत्नीला, म्हणजे सुमनताईंना, अक्कलकोटपलीकडे मैंदर्गीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेतात. बहीण अंथरुणाला खिळलेली. रिक्षा तिकडे जात नाही, आणि एसटीची पायरी सुमनताईंच्या गुडघ्यांना चढवत नाही. हे नानांनी फोनवर सांगितले नाही. आम्हाला सांगितले.

*

पहिला उपाय बिराजदार सरांचा. सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, मूळचे मैंदर्गीचेच. “बॅटरीची वायर काढा, थोडा वेळ थांबा, परत लावा. गाडी सगळं विसरती.”

गाडी खरोखरच सगळे विसरली. दिवा गेला, त्याबरोबर घड्याळ गेले, रेडिओची स्टेशने गेली. आठवड्याने दिवा तेवढा परत आला.

सुमनताई म्हणाल्या, “नेमकं नको तेच बरं आठवतं हिला. यांच्यावर गेलीय!”

*

दुसरा उपाय नानांचा स्वतःचा. एके सकाळी दिवा दिसेनासा झाला. बिराजदार सरांनी चष्मा पुसून पाहिले, तर दिव्यावर मरून रंगाची टिकली!

“नाना, ताप आला म्हणून थर्मामीटर फडक्यात गुंडाळून ठेवायचा व्हय हो?”

“अभयला दिसला नाही म्हणजे झालं.”

सोलापूरच्या उन्हात टिकलीचा गोंद दुपारपर्यंतही टिकला नाही. संध्याकाळी ती नानांच्या बाहीला चिकटून घरी गेली. त्यानंतर सुमनताईंनी टिकल्यांचे पाकीट कपाटात कुलपात ठेवले.

*

मग सरांनी बोटभर लांबीचे एक यंत्र मागवले. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायचे. गाडीचा बिघाड मोबाइलवर उमटतो. आम्ही गाडीभोवती ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकांसारखे उभे. सरांनी एक बटन दाबले. दिवा विझला! टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

“पण बिघाड काय होता?” मी विचारले.

सरांनी मोबाइलचा पडदा खाली-वर सरकवून पाहिला. “ते… वाचायच्या आदीच पुसलं की मी.”

*

दसरा झाला आणि दिवा पुन्हा लागला. या वेळी सरांनी आधी वाचले : पेट्रोलची वाफ बाहेर निसटते आहे. ते थेट टाकीपाशी गेले, झाकणाला हात लावला, तर ते जागच्या जागी डुलत होते.

“हे पंपावरचा पोरगा असं लावतो?”

“छे! त्यांना मी हात लावू देत नाही. फार पिळतात. मी स्वतः हलकेच टेकवतो.”

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. सरांनी झाकण फिरवले : टक्. पुन्हा फिरवले : टक्, टक्. त्या प्रत्येक आवाजाला नानांचा चेहरा व्याह्यांच्या वेळी झाला होता तसाच होत होता. “अहो, पुरे! वायसर!”

सरांनी यंत्र लावून दिवा विझवला. त्यानंतर नानांनी दोन वेळा पेट्रोल भरले आणि दोन्ही वेळा डोळे मिटून झाकण टक्-टक् वाजवले. दिवा लागला नाही.

*

अभय दिवाळीला आला. डॅशबोर्ड निर्मळ पाहून किंचित हिरमुसला. “आता नाहीये, पण भरवसा काय? उद्या मैंदर्गीला मीच चालवतो. वाटेत लागला तर परस्पर गिऱ्हाईक बघू.”

दुसऱ्या दिवशी अभय चालवायला, शेजारी नाना, मागे सुमनताई आणि मी. गावाबाहेरच्या पंपावर अभयने टाकी भरून घेतली. नळी निघताच नाना झाकण लावायला दार उघडून उतरू लागले. “बसा हो बाबा, मी आहे ना!” म्हणत अभय उतरला.

मैंदर्गीला फराळ झाला. बहिणीच्या उशाशी सुमनताई दुपारभर बसल्या. निघताना बहिणीने त्यांचा हात लवकर सोडला नाही. “पुन्हा कधी येशील ग?” सुमनताईंनी अभयकडे पाहिले. तो घड्याळ पाहत होता.

परतीला अक्कलकोट मागे पडले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

अभयने गाडी कडेला घेतली. मान वळवून तो म्हणाला, “बघितलंत? मी काल काय म्हणत होतो?”

नाना उतरले, मागे गेले. काचेतून आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. टक्. टक्, टक्.

ते परत आले ते चालकाच्या बाजूने. दार उघडून उभे राहिले.

“सरक,” ते म्हणाले.

आणि मागून सुमनताई म्हणाल्या, “काय रे अभय, आता कुणाला विकायचं? गाडीला, की झाकण टेकवणाऱ्याला?”