अनीसा सिस्टर संपावर असताना

रोह्याजवळच्या अष्टमी गावात सगळे सांगतात की अनीसा सिस्टरने संप फोडला. तेविसाव्या दिवशी गुपचूप रोह्याला गेली, हातमोजे घालून बाळंतपण केलं, आणि वर पेढे खाल्ले. यातलं रोह्याला जाणं खरं, आणि पेढे. ते माझ्या काकीने आणले आणि सिस्टरच्या तोंडात कोंबले. बाकी सगळं खोटं आहे. मी तिथे होते, दाराच्या पडद्याला नाक लावून उभी, आणि माझे कान चांगले आहेत.

अनीसा सिस्टर आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. माहेर अष्टमीचं, नवरा मन्सूर कुवेतला गोदामात. आमचं गाव खांब गावापासून आत, आणि तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या त्या नर्स. सतरा वर्षं झाली, पण नोकरी कंत्राटी. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की एक दिवस त्या कोणीच नसतात, आणि मग नवीन ऑर्डर येते. त्या एका दिवशीही बायका येतातच. सिस्टर उंबऱ्यावर बसून सांगतात, "आज मी कोन नाय. उद्या ये." बाई पाठ फिरवून चार पावलं गेली की मागून हाक येते, "ए, कुठं चाललीस? बस इथं. पाय दाखव, सुजलेत किती."

त्यांच्या आवाजाची नक्कल मला आठवीपासून येते. दर सोमवारी त्यांची व्हिडिओ मीटिंग असते, ती तर मी दोन्ही बाजूंनी करते. साहेब म्हणतात, "सिस्टर, तुमचं गाव लाल दिसतंय हं स्क्रीनवर." सिस्टर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून, फोन आभाळाकडे धरून म्हणतात, "सर, काम झालंय. रेंज नाय." पोट तपासायला त्यांना दहा मिनिटं लागतात. तेच आधी एका रजिस्टरात, मग दुसऱ्यात, मग फोनात भरायला पाऊण तास. फोनवरचं चक्र फिरत राहतं आणि सिस्टर त्याला कळा देणाऱ्या बाईसारखं समजावतात, "घे गो बाय, घे. जरा जोर कर."

उपकेंद्रात बाळंतपणाचं टेबल आहे. निवडणुकीच्या वर्षी त्याचं उद्घाटन झालं, फीत कापली, "माता-भगिनींनो" झालं. खोलीत नळ मात्र आला नाही. आता त्या टेबलावर रजिस्टरं असतात.

ईदला आखातातल्या जावा येतात आणि दरवर्षी तेच विचारतात, "नर्स हायस ना? मग तिकडं का नाय येत?" सिस्टर शेवया वाढता वाढता दरवर्षी तेच उत्तर देतात. "माजा कोर्स छोटा, भाभी. तिकडं मोठा लागतो." आवाज चढत नाही, उतरत नाही. हे वाक्य मला अजून नीट जमलेलं नाही.

तर, संप. कंत्राटी नर्सांना कायम करा, एवढीच मागणी. सिस्टर त्रेचाळीस वर्षांच्या. "पुढल्या खेपेला मी वयात बसनार नाय," असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं. संघटनेचा नियम कडक होता. संपात जी काम करताना दिसेल, तिचं नाव कायम करायच्या यादीतून जाणार. मागच्या संपात दोघी-तिघी दया येऊन कामावर गेल्या, आणि "चाललंय की सगळं" म्हणून तो संप गुंडाळला गेला. म्हणून या वेळी सगळ्या एकमेकींवर डोळा ठेवून होत्या.

त्यातच भाविका वहिनीचे दिवस भरले. भाविका वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, सुश्रुतदादाची बायको. गडब गावची मुलगी, पहिलीच खेप. दादा कंपनीत शिफ्टला. कळा सकाळी सातला सुरू झाल्या आणि काकीने, म्हणजे दादाच्या आईने, लगेच निकाल देऊन टाकला.

"सरकारीत आता हाय कोन? पेणला नेऊया. तिथला डॉक्टर नऊला कापतो नि दहाला चाय पितो. सगळं टायमात."

सिस्टर कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. न वळताच काकीला म्हणाल्या, "वहिनी, तिचं बीपी बरं हाय, बाळाचं डोकं खाली हाय. कापायचं काय हाय त्यात? रोह्याला लतिका हाय ड्यूटीवर. ती कायमची, ती संपात नाय. तिचा हात चांगला."

"तुमी येनार?" काकीने विचारलं.

"मी संपावर."

"मग पेणलाच."

तेवढ्यात आतून वहिनी ओरडली, "सिस्टर असतील तिथंच मी जानार. नायतर इथंच घरात होऊ दे."

सिस्टरने हातातली चादर पिळली. ती आधीच पिळलेली होती. पुन्हा पिळली. मग म्हणाल्या, "येते. पन पावणी म्हणून. कोट घालनार नाय, सही करनार नाय, हात लावनार नाय. कबूल?"

वहिनीला त्या क्षणी काहीही कबूल होतं.

रोह्याच्या दवाखान्यात तो दिवस लांबत गेला. कंत्राटी सगळ्या बाहेर, त्यामुळे लतिका सिस्टर एकट्या दोन्ही बाजूंना धावत होत्या. बाळंतिणीसोबत एक बाई आत राहू शकते. ती जागा अनीसा सिस्टरना मिळाली, काकी फुरंगटून बाकावर. दीडच्या सुमाराला सिस्टर पाणी प्यायला बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. अंगात घरातलाच हिरवा ड्रेस, ओढणीला हळदीचा डाग. सकाळपासून काहीच न करता त्या जितक्या दमल्या होत्या, तितक्या लसीकरणाच्या दिवशीही दमत नाहीत.

"चारपर्यंत तुम्ही हात लावणार बघा," मी म्हटलं.

"नाय लावनार."

"पैज?"

"तुज्याकडं हाय काय लावायला?"

"तुम्ही सांगा."

"माजी नक्कल बंद. दिवाळीपर्यंत. बाजारात, कॉलेजात, कुठं पन."

"आणि मी जिंकले तर?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तू जिंकलीस तर माज्याकडं काय उरनार हाय गो, तुला द्यायला?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

साडेतीनला दोन्ही टेबलांवर एकदम घाई झाली. पलीकडच्या बाईचं बाळ निम्मं बाहेर, लतिका सिस्टर तिच्यापाशी. आणि इकडे भाविका वहिनी एकदम बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, आलं."

लतिका सिस्टरने मान वळवून पाहिलं. "अनीसा! अगं हात धू नि धर. मी सुटत नाय इथून."

अनीसा सिस्टर एक पाऊल पुढे गेल्या. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी पडद्यामागे, त्यांच्या पाठीशीच, म्हणून मला ते दिसलं.

"मी थांबवते तिला. तू तुजं उरक नि ये," असं म्हणून त्या वहिनीच्या तोंडाशी वाकल्या. "भाविका, माज्याकडं बघ. जोर नाय करायचा. चाय गरम हाय, पोळतेय, फुंक मार. बारीक फुंक. अजून. सासू बघतेय तुजी, बशी सांडू नको. फुंक."

वहिनी फुंकत होती आणि रडत होती. मध्येच तिला हसूही आलं. असं बोलणं सिस्टर आमच्या गावच्या काशीबाई सुईणीकडून शिकल्या. काशीबाईने माझ्या बाबांसकट अर्धं गाव बाहेर काढलं, आणि मग एका वर्षी कागद आला की सुईणींनी आता हात लावायचा नाही. तेव्हापासून त्या नुसत्या शेजारी बसायच्या आणि बोलायच्या. नवीन आलेल्या अनीसा सिस्टर ऐकायच्या.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मनगट पांढरं पडेपर्यंत तरी. मग नवे हातमोजे चढवत लतिका सिस्टर आल्या, "हां, आता कर जोर," म्हणाल्या, आणि दोन कळांत मुलगी झाली. रडली, रंग चांगला. अनीसा सिस्टरने हात सुटे केले तेव्हा मनगटावर नखांच्या चार खुणा होत्या. त्या बाहेर आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि काकीने पेढा कोंबला.

पलीकडच्या बाळंतिणीच्या कोणा नातेवाइकाने आतला फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो संघटनेच्या ग्रुपवर. अफवा तिथूनच सुटली. सिस्टरना अलिबागला धरणं चालू होतं तिथे बोलावून घेतलं, लतिका सिस्टरनाही फोन लावला. त्यांनी सांगितलं, "फोटो मोठा करून बघा. तिचे हात कुठं हायत ते बघा." नाव यादीत राहिलं. अष्टमीतल्या लोकांनी मात्र फोटो मोठा करून बघितला नाही.

संप बत्तिसाव्या दिवशी मिटला. कोणी कायम झालं नाही. लेखी आश्वासन मिळालं, समिती नेमली, यादी समितीकडे गेली. सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात, आणि बत्तीस दिवसांच्या नोंदी तुंबलेल्या. संध्याकाळी त्या आमच्या पायरीवर बसून फोनात नावं भरत होत्या. मी पैजेचा विषय काढला, कारण मला माझी हार मान्य नव्हती.

"तुम्ही हात लावला नाही, पण बोललात. ते कामच झालं ना?"

त्यांनी पिशवीतून ऑर्डरचा कागद काढून माझ्या मांडीवर टाकला. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. नोंदणी, तपासणी, लसीकरण, प्रसूती, कुटुंबनियोजन, अहवाल.

"बोलनं कुठं हाय त्यात? शेजारी बसनं?"

नव्हतं. मी कागद उलटा करूनही पाहिला. शेवटी एक ओळ सापडली आणि मी ती साहेबांच्या आवाजात वाचली, "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे!"

"सतरा वर्षांत एका वरिष्ठानं सांगितलेलं नाय, का जा नि बस तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. बोटं फोनवर चालूच होती.

मग मी विचारलं, "लतिका सिस्टर वेळेत आल्या नसत्या तर?"

बोटं थांबली. चक्र फिरत होतं, त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तर तू जिंकली असतीस."

दिवाळीला अजून सहा आठवडे आहेत, तोवर नक्कल बंद. मी हरले.