रहमान अंकलची सुरमई, शैलाताईंची जाळी

अन्याय झाला तो रहमान अंकलवर. २०१६ सालच्या जूनमधला पहिला रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं, ईस्ट कोस्टच्या जेटीवर. करणारे आम्ही पाच मराठी लोक, सगळे शिकलेले, सगळ्यांच्या खिशात सिंगापूरचे नोकरी-शिक्षणाचे पास. अंकलच्या गळाला लागलेली सुरमई आम्ही तोडली. "चुकून झालं" असं म्हणायची मला परवानगी नाही. ती शैलाताईंनी काढून घेतली. आणि हे लिहायला बसले आहे तेही त्यांच्याचमुळे.

शैला कर्णिक. मूळच्या ठाण्याच्या, वय पंचावन्नच्या आसपास. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग विभागाच्या प्रमुख, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचा पगार घ्यायच्या. मरीन परेडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्या आणि मोहनराव राहायचे. मोहनराव रविवारी नऊपर्यंत झोपायचे आणि ताई पहाटेच जेटीवर हजर व्हायच्या. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, डोक्यावर अंपायरसारखी रुंद टोपी, हातात घरातल्या दोघांहूनही उंच अशी गळाची काठी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं नेलकटर. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापायला. लांबून ते मंगळसूत्र वाटायचं. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "मंगळसूत्र कपाटात आहे. हे कामाचं आहे."

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा बुओना व्हिस्टाला पीएचडी करत होते आणि पुण्याच्या टेकड्यांसाठी पत्रकं वाटून वाढले असल्यामुळे हात स्वस्थ बसत नव्हते. जेटीच्या कठड्यांना अडकलेल्या तंगूसमध्ये एक बगळा फडफडताना मी पाहिला होता. मग काय! विद्यापीठातल्या निसर्ग-मंडळासाठी मी एक खणखणीत पत्रक लिहिलं, त्याचा मसुदा घेऊन थेट जेटीवर गेले आणि समोर दिसलेल्या पहिल्या भारतीय बाईच्या हातात ठेवला. ताईंनी काठी कठड्याला टेकवली, खिशातून लाल पेन काढलं आणि उभ्या-उभ्या वाचायला लागल्या.

"तीन चुका आहेत," त्या म्हणाल्या. "आणि एक खोटं आहे."

"खोटं? कुठलं खोटं?"

"'इथले मासे धरणारे बेफिकीर आहेत.' किती जणांशी बोललीस?"

"...एकाशीही नाही."

"मग काढ ते वाक्य. आणि हे धर." त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी माझ्या हातात दिली. "कठड्यावरचं तुटकं तंगूस काप आणि यात भर. दर रविवारी येत असशील तर पुढचं पत्रक मी तपासून देईन."

मी चिडले. पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. पहिली एमआरटी मेट्रो, मग बस, हातात बरणी आणि कठड्यावरचा गुंता कापायला माझं स्वतःचं नेलकटर. मासे मी तेव्हा खातही नव्हते!

त्या रविवारांमध्ये मला कळलं की जेटीवर सरकारी फलकापेक्षा मोठा कायदा आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही. जागा सगळ्यांची आहे, म्हणून सकाळी येऊन जो गळ टाकेल ती त्याची. पण तो घरी गेला की त्याची नाही. शेजाऱ्याच्या गळावरून आपला गळ फेकायचा नाही. कुणी "फिश ऑन!" ओरडला की आसपासच्या सगळ्यांनी आपापले गळ वर ओढून घ्यायचे, मग स्वतःचा मासा आमिषाला तोंड लावत असला तरी. आणि गुंता झालाच तर आपलं तंगूस कापायचं, मासा लागलेल्याचं कधीही नाही. ताई म्हणायच्या, "आपला गळ दहा डॉलरचा. त्याचा मासा वर्षाचा."

या कायद्यात शिरायला ताईंना आठ महिने लागले होते. एकटी बाई, त्यात भारतीय, कुणी हसलं नाही आणि कुणी बोललंही नाही. जेटी पाण्यापासून चांगली उंच आहे. मोठा मासा तंगूसनंच उचलायला गेलं तर तंगूस तुटतं. दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडून त्यात तो घ्यावा लागतो, आणि काठी धरणाऱ्याचे हात तर अडकलेले. जाळी सोडायला दुसरा माणूस लागतोच. ताईंना पहिला मोठा मासा लागला तेव्हा त्यांच्यासाठी जाळी घेऊन आले ते रहमान अंकल. बस चालवून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, ठेंगणे, कमी बोलणारे. जाळी सोडली, मासा वर घेतला, जाळी झटकली आणि आपल्या जागी परत गेले. "अगं, थँक यू ऐकायलासुद्धा थांबला नाही तो माणूस!" ताई हे सांगताना दर वेळी नव्यानं चकित व्हायच्या.

त्यानंतर जेटीवर त्यांना लोक "मॅडम" म्हणायला लागले. ताईंच्या दृष्टीनं ती पदवी ऑफिसातल्या पदापेक्षा वरची होती.

आणि मग आम्ही.

निखिल आणि त्याच्या ऑफिसातले तिघे पुंगोलला एकाच फ्लॅटमध्ये राहायचे. एका मराठी जेवणावळीत त्यांनी ताईंना गाठलं. "ताई, आम्हालाही न्या ना, प्लीज!" ताई हो म्हणाल्या, आणि आधीच्या रविवारी अंकलना जाऊन सांगून आल्या, "नेक्स्ट संडे, माय पीपल कमिंग." माय पीपल! हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण सगळं दुखणं त्यांतच आहे. ताईंनी आमची हमी दिली होती.

ही चार मुलं पहाटेच पोचली आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खानावळींत, टेबल धरतात तशी कठड्यावर टिश्यूची पाकिटं ठेवून आली! टोकाचा कोपरा, ओळीनं चार पाकिटं, आणि साहेब लोक कॉफी प्यायला गेले. अंकल आले. रोज पहिले येणारे ते, त्या दिवशी आपल्या कोपऱ्यात पाकिटं बघून थांबले आणि दोन खांब अलीकडे जाऊन उभे राहिले. ताई आल्या, त्यांनी पाकिटं बघितली, गोळा करून पिशवीत कोंबली.

"निखिल, इथे नूडल्स मिळत नाहीत."

"सॉरी ताई, इथे सगळीकडे असंच करतात ना!"

"टेबल धरतात. समुद्र धरत नाहीत. अंकलना कोपरा परत दे."

पण अंकलचं आमिष टाकून झालं होतं. हातानंच "राहू दे" म्हणाले. सुरमईसाठी इथे आमिष फुग्याला बांधून लांब पाण्यावर सोडतात. अंकलचा लाल फुगा दूरवर डुलत होता. आणि सात वाजून वीस मिनिटांनी तो फुगा फट्कन पाण्याखाली गेला!

रीळ किंचाळलं. "फिश ऑन!" सगळीकडून ओरडा झाला, "लाइन अप! लाइन अप!" ओळीतले सगळे गळ भराभर वर यायला लागले, आमचे चार सोडून. मुलं मोबाइल काढून व्हिडिओ घेत होती. ताई चाळीस पावलांवरून धावत ओरडत होत्या, "निखिल, गळ वर घे! वर घे आधी!" मासा वळला तो सरळ आमच्याच पाण्यात. चारही तंगूस अंकलच्या तंगूसमध्ये गुंतले, निखिलची नवी कोरी काठी कठड्यावरून ओढली जायला लागली. तो घाबरला. "कापायला काही आहे का? पटकन दे, पटकन!" मी नेलकटर दिलं. त्यानं सगळ्यात ताणलेलं तंगूस धरलं आणि कापलं.

सगळ्यात ताणलेलं तंगूस मासा लागलेल्याचंच असणार. हे पाच जणांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अंकलची काठी सटकन सरळ झाली. सुटलेलं तंगूस त्यांनी रिळावर गुंडाळून घेतलं. मग वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडून म्हणाले, "नेव्हर माइंड, लाह. फिश ओन्ली." निखिलनं लगेच ते उचललं, "बघा ताई, नेव्हर माइंड म्हणाले!" आणि मला हळूच, "मासाच आहे यार, एवढं काय."

एवढं काय! मी त्या रात्रीच पाच पानी निवेदन लिहून काढलं. निखिलच्या नावानिशी. ताईंनी ते वाचलं, लाल पेन उघडलंच नाही.

"यात नेलकटर कुठे आहे?"

"म्हणजे?"

"कुणाचं होतं? यात चार मुलं आहेत, त्यांचे पगार आहेत, त्यांचं मोबाइलचं वेड आहे. नेलकटर नाही. अगं, माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. चूक सोडून सगळं सांगतात."

पुढच्या रविवारी मी अंकलपुढे उभी राहिले आणि माफी मागायला लागले, "मला नियम माहीत होता, पण घाईत, आणि निखिलनं..." ताईंनी माझी बाही ओढली. "कारणं दिलीस की अर्धी माफी परत घेतलीस. एवढंच सांग: नेलकटर माझं होतं, सॉरी." मी तेवढंच सांगितलं. अंकलनी मान हलवली आणि पाण्याकडे वळले. जेटीवर आता कुणीही ताईंना "मॅडम" म्हणत नव्हतं. वर्षांची कमाई गेली होती आणि ताईंकडे वेळ नव्हता. कंपनीनं त्यांचा विभाग गुंडाळायला घेतला होता, पास संपला की परत ठाणे. पाहुण्यानं उंबऱ्यावरूनच परत फिरावं, तशा त्या जाणार होत्या.

मी म्हटलं, "आपण नियमांचा फलक लावायची मागणी करू! सह्या गोळा करू!"

"कागद नको," त्या म्हणाल्या. "काठीही नको."

त्या रविवारपासून ताई गळाशिवाय यायला लागल्या. फक्त जाळी. सात वाजता येऊन ओळीच्या मधोमध जाळी घेऊन उभ्या राहायच्या, ज्याला मोठा मासा लागेल त्याच्यासाठी. पहिल्या रविवारी दोघांना मासे लागले. दोघांनी दुसऱ्यांच्या जाळ्या मागवल्या. दुसऱ्या रविवारीही तेच. मला संताप आला. ताई, चला इथून, म्हटलं. "माझ्या हमीवर डाग पडलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो मीच धुणार. तुला कंटाळा आला तर बरणी भर." तिसऱ्या रविवारी एका टॅक्सीवाल्याला मासा लागला, जवळ दुसरं कुणीच नव्हतं म्हणून नाइलाजानं तो ओरडला, "आंटी! नेट!" ताईंनी जाळी अशी सोडली की मासा एका दमात आत. पाचव्या रविवारी तीन हाका आल्या. अंकलची एकही नाही. तेही दर रविवारी येत, बघत आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन गळ टाकत.

ऑगस्टमधला रविवार. भरती चढत होती. अंकलचा फुगा पिवळा होता. होता, आणि नव्हता!

"फिश ऑन!" काठी अशी वाकली की टोक पाण्याला लागतंय वाटलं. "लाइन अप! लाइन अप!" एकजात सगळे गळ वर! मी कुठल्या भाषेत ओरडतेय याचं मला भान नव्हतं, "वर घ्या, वर घ्या, अहो पटापटा!" जणू सगळी जेटी डोंबिवलीची. मासा खांबांकडे वळला, अंकल कठड्यानं चालायला लागले, लोक बादल्या उचलून, काठ्यांखालून वाकून त्यांना वाट देत होते. वीस मिनिटं! अखेर पाण्यात चांदी चमकली. टॅक्सीवाला जाळी घेऊन अगदी शेजारी पोचला होता. अंकलनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि घसा फोडून ओरडले,

"शैला! नेट!"

मॅडम नाही. शैला! ताईंचे गुडघे दुखरे होते, पण त्या धावल्या. जाळी सरसर खाली गेली. मासा जाळी बघून उसळला, पुन्हा खोल गेला, सगळी जेटी "ओऽऽ" करून ओरडली. ताई मात्र माशाशी मराठीत बोलत होत्या, "ये बाई, ये. डोक्याकडून ये. शेपटीकडून नाही घेणार मी तुला." दुसऱ्यांदा तो वर आला, ताईंनी जाळी त्याच्या तोंडापुढे धरली आणि तो आपण होऊन आत शिरला. ओढा! टॅक्सीवाला, मी, ताई, तिघांनी दोरी ओढली. लांबलचक सुरमई फळ्यांवर आपटली आणि टाळ्या! ताईंचे तळवे दोरीनं लालभडक झाले होते.

अंकलनी सुरी काढली, "हाफ-हाफ?"

"नो, नो. नेट धरनेवाला नो शेअर," ताई म्हणाल्या. मग राहवेना. "हेड तुम थ्रो करोगे क्या?"

"थ्रो?" अंकल कळवळले. "माय वाइफ विल किल मी, लाह!"

इतकी मोठी सुरमई, आणि दोघांचा डोळा डोक्यावर! दोघंही हसत सुटले, अंकल तर हसता हसता खालीच बसले.

पुढच्या मार्चमध्ये ताई ठाण्याला परत गेल्या. काठी विकली, जाळी मला दिली. निखिल जेटीवर पुन्हा आला नाही. मी त्याला शिव्यांचे निरोप पाठवायचे, ताईंनी फोनवर सुनावलं, "शिव्या देऊ नकोस. बोलाव." मी अजून बोलावते. अजून निरोपाखाली दोन निळ्या खुणा येतात आणि उत्तर नाही.

आता तुम्हाला सांगते, आणि ही विनंती नाही. जेटी असो, तळं असो, जंगल असो, जिथे सगळ्यांचा हक्क आहे अशा कुठल्याही जागी पहिल्यांदा शिकार करायला निघालात, तर पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा. जाळी घेऊन जा, ओळीत उभे राहा आणि कुणी हाक मारेपर्यंत जागचे हलू नका.