शेप वन, मॅडम!

मी एक जाड वही ठेवते. पुढून संशोधन लिहायचं आणि मागून दवाखान्यातलं सांगण्यासारखं काही. हिशेब असा होता, की पुढची पानं भरभर भरतील आणि मागं दोन-चार गमती राहतील. सव्वा वर्ष झालं. पुढून अकरा पानं भरलीत. मागून निघालेले किस्से आता त्या अकराव्या पानाला येऊन टेकलेत!

मी लातूरची. डॉक्टर झाल्यावर स्कॉटलंडला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले. फौजेतून परतलेल्या माणसाच्या गुडघ्यांचं, कानांचं, हृदयाचं पुढं काय होतं, याचा अभ्यास तिथं पहिल्यांदा पाहिला. तेव्हा मला आमच्या भागातल्या प्रत्येक गावातली ती एकेक माणसं आठवली. पाठ ताठ, मिशा ताठ, आणि तब्येतीचं त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. मी विचारणार, असं ठरवून परत आले आणि नांदेडला माजी सैनिकांच्या एका दवाखान्यात रुजू झाले. महिन्यातून दोनदा आम्ही चाकूरला कॅम्पही घेतो.

विचारलं. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

* * *

पहिल्या दिवशी मी चौदा पानांची प्रश्नावली घेऊन गेले. मराठी अगदी शुद्ध. पहिलाच प्रश्न होता, 'दैनंदिन हालचालींदरम्यान आपणांस कितपत क्लेश जाणवतात?'

नोंदणीच्या टेबलावर सुभेदार कदम बसतात. स्वतः निवृत्त झालेत, मिशा अजून ड्यूटीवर आहेत. त्यांनी प्रश्न वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मॅडम, हे क्लेश कोन? कुठल्या पलटणीतले?"

"क्लेश म्हणजे दुखणं हो, साहेब!"

"मंग दुखतंय का, असं इचारा की! कशाला एवढं संस्कृत फायर करून राहिलात?"

प्रश्नावली दोन पानांवर आली. उरलेल्या बारा पानांच्या कोऱ्या बाजूवर कदम साहेब अजूनही टोकन नंबर लिहितात.

* * *

नव्या फॉर्ममध्ये मी सोपं केलं. गुडघा, कंबर, छाती, खांदा. प्रत्येकापुढं एक ते दहातला आकडा लिहायचा. एक म्हणजे दुखणं जवळजवळ नाहीच, दहा म्हणजे सहन होत नाही.

पहिल्या आठवड्यात जेवढे फॉर्म आले, त्या सगळ्यांवर सगळीकडे एकच आकडा. एक! गुडघा एक, कंबर एक, छाती एक. त्यातला एक जण तर दोन्ही काखांत कुबड्या घेऊन आला होता.

मी त्या आकड्यांचा तक्ता माझ्या स्कॉटलंडच्या सरांना पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. "अभिनंदन. तुमच्या गावचं पाणी थोडं इकडे पाठवता येईल का?"

मी रडकुंडीला आले. कदम साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. फौजेत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. माणूस पूर्ण तंदुरुस्त असला की 'शेप वन'. काही बिघडलं की 'शेप टू'. मग बढती अडते, कोर्स हुकतो, चांगली पोस्टिंग जाते. त्यामुळं डॉक्टर दिसला की तोंडातून एकच उत्तर निघतं.

"पण आता तर सगळे निवृत्त झालेत ना?"

"मानूस निवृत्त होतो, मॅडम. तोंड होत न्हाई."

"बरं, तुमचं काय? तुमचा गुडघा मला इथपर्यंत ऐकू येतो."

कदम साहेब उठून उभे राहिले. गुडघा कट्कन वाजला.

"शेप वन, मॅडम!"

* * *

आता हवालदार बिराजदार. चाकूरचे, तोफखान्यातले. कॅम्पसाठी मिळालेल्या मंगल कार्यालयाची किल्ली, सतरंजी, पाण्याचा हंडा आणि मुख्य म्हणजे रांग, सगळं त्यांच्या ताब्यात. रांग मोडून कुणी पुढं सरकला, की त्याच्या खांद्यावर हात पडलाच. एकदा त्यांनी गावच्या सरपंचांना शेवटी नेऊन उभं केलं. सरपंच म्हणाले, "अहो बिराजदार, मी तपासणीला आलो न्हाई, उद्घाटनाला आलोय!" बिराजदार म्हणाले, "हाव, पन रांगेतून."

त्या कॅम्पला सगळ्यांचे डोळे उत्तम निघाले. मोतीबिंदू झालेलेसुद्धा तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचत होते. मला संशय आला. मागच्या दारानं जाऊन ऐकलं, तर बिराजदार रांगेवरून हळूच फिरत होते आणि प्रत्येकाच्या कानात शेवटच्या ओळीची अक्षरं सांगत होते. फौजेत पहाऱ्यावरच्या माणसाला परवलीचा शब्द सांगतात ना, अगदी तसं!

पुढच्या कॅम्पला मी तक्ता काढून ठेवला आणि त्याच खिळ्याला एका बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं. पहिले आत आले ते एक लान्स नाईक. एका डोळ्यावर हात ठेवला, सावधान झाले आणि मागच्या वेळची पूर्ण ओळ म्हणून दाखवली.

मी विचारलं, "काका, तुम्हाला समोर सोयाबीन दिसत नाही का?"

त्यांनी हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. म्हणाले, "ते कुठल्या ओळीत हाय?"

* * *

उमरीचे दोघे मित्र नेहमी जोडीनं येतात. दोघांचं आयुष्य तोफेशेजारी गेलं. मी कान तपासण्यापूर्वी व्हरांड्यात एकानं दुसऱ्याला जवळ ओढलं. त्याच्या मते तो कुजबुजत होता.

"मॅडमला बोलू नगस! मला डाव्या कानानं कायबी ऐकू येत न्हाई!"

आख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. औषधाच्या खिडकीतली सिस्टर बाहेर आली.

फक्त दुसऱ्यानं ऐकलं नाही. तो ओरडला, "काय?"

* * *

चालण्याची एक चाचणी असते. सहा मिनिटं माणसाला सपाट जागेवर चालायला सांगायचं, मग नाडी आणि श्वास बघायचा. किनवटचे एक शिपाई होते, पायदळातले. आमच्या अंगणात त्यांना चालायला लावलं. सहा मिनिटं झाली. मी म्हटलं, "थँक यू, काका," आणि त्यांची फाइल आणायला आत गेले.

बाहेर आले तर अंगण रिकामं!

कदम साहेब स्कूटर घेऊन निघाले. पाऊण तासानं काकांना मागं बसवून घेऊन आले. काका स्टेशनच्या रस्त्यानं एकाच वेगात, एकाच सरळ रेषेत चालले होते.

"मॅडम," कदम साहेब म्हणाले, "त्यांना 'थम' म्हनायचं असतंय. थँक यू म्हनल्यावर कोन थांबतंय?"

काकांची नाडी, खरं सांगते, कदम साहेबांपेक्षा चांगली लागली.

* * *

नवरे बोलत नाहीत, तर बायकांना विचारू, असं शेवटी मी ठरवलं. चाकूरच्या कॅम्पला एका बाजूला बायकांसाठी सतरंजी टाकली. हा माझ्या संशोधनातला सगळ्यात चांगला निर्णय!

एक मावशी म्हणाल्या, "बाई, कुठं दुखतं ते नका इचारू. कुठं दुखत न्हाई ते इचारा. लवकर आटपंल."

दुसऱ्या म्हणाल्या, "रोज उठून शेपवन शेपवन करत्यात. म्हनून परवा शेपूची भाजी केली, तर ताटाला शिवले न्हाईत!"

बिराजदारांच्या पत्नी महानंदाकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी. मी विचारलं, "काका कसे आहेत?"

"शेप वन."

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"मंग काय सांगू बाई? ते सांगतील तवा मला ठावं होईल ना? चाळीस वर्सं झाली. पत्रातबी 'मी मजेत' अन् घरीबी 'मी मजेत'."

मी फॉर्म बंद करणार, तेवढ्यात त्या पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाल्या, "एक सांगू का? दोन महिन्यांपासून चालताना मधीच थांबत्यात. थांबले की मला म्हनत्यात, 'बघ गं, मोर.' मी बघते, तर मोर न्हाई. आमच्या गल्लीत कधीच मोर आला न्हाई, बाई. काल हापशापासून घरापोतर तीनदा मोर दाखवला."

मी फॉर्म पुन्हा पुढं ओढला. चालताना छाती भरून येते, थांबलं की ओसरते. पुस्तकात याचं एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात मोर नाही.

मी बिराजदारांना गाठलं. "काका, आज तुमचा ईसीजी काढायचा. आत्ता."

"काढू की, मॅडम. रांग संपली की."

"तुम्ही मध्ये आलात तर कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हनंन ना."

आणि रांग संपवणं त्यांच्याच हातात! दुपारी चार वाजता ते स्वतः कुणाला तरी बोलावून आणून शेवटी उभं करत होते. मी रागावले. माझ्या सगळ्या शिक्षणाची शपथ घालून रागावले. तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"मॅडम, मी एकदा खरं बोललो होतो. खांदा दुखतो म्हनलं. डॉक्टरनं शेप टू लिहिलं. आमची तोफ वर लढाईला गेली अन् मी खाली डेपोत ब्लँकेटं मोजत राहिलो. माझ्या जागी जो गेला..."

ते उठले आणि सतरंजी झटकायला गेले.

ईसीजी राहिला. पंधरा दिवसांनी पुढचा कॅम्प होता. नांदेडहून मी एक दिवसाआड फोन केला, लातूरला मुलाकडं म्हणून जाऊन या, तिथं दाखवा, मी बोलते. प्रत्येक फोनला एकच उत्तर, आणि ते काय, हे आता तुम्हालाही माहीत आहे.

* * *

पुढचा कॅम्प. सकाळचे साडेदहा. मंगल कार्यालय भरलेलं. मी नाडी बघत होते, कदम साहेब टोकन वाटत होते. बिराजदार दारापाशी रांग लावत होते.

अचानक रांगेत गडबड झाली. "अहो, रांग! रांग!" कुणीतरी ओरडलं. कुणीतरी मधून पुढं घुसत होतं.

ते बिराजदार होते.

ते माझ्या टेबलासमोर येऊन सावधान उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे. सॅल्यूट केला, पण हात कपाळापर्यंत पोचला नाही.

हळूच म्हणाले, "मॅडम, शेप टू."

हॉलमध्ये एवढी माणसं, पण एकानंही "काय?" म्हटलं नाही. उमरीचे ते दोघेसुद्धा आमच्या गाडीतून आले होते, त्यांनीही ऐकलं.

कदम साहेबांच्या हातातली टोकनं खाली सांडली. ते धावले. त्यांना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी बिराजदारांना खाली झोपवलं, गोळी चघळायला दिली, आणि कुणी न सांगता रांगेनं दोन्ही बाजूंनी सरकून कॅम्पच्या ॲम्ब्युलन्सपर्यंत वाट केली. महानंदाकाकू पिशवीसकट आत चढल्या, मागोमाग मी.

लातूरच्या दवाखान्यात माझ्याच वयाचा एक डॉक्टर ड्यूटीवर होता. त्यानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "काका, दुखणं किती? एक ते दहामध्ये सांगा."

बिराजदारांनी माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"टू."

त्यानं कागदावर दोन लिहिलं आणि शेजारच्या पेशंटकडं वळला.

"डॉक्टर, ते दहा आहे!" मी ओरडले.

"मॅडम, पेशंट स्वतः दोन म्हणतोय."

"ह्या माणसानं आयुष्यात दुसऱ्यांदा दोन म्हटलंय! तुम्ही ईसीजी काढा!"

काढला. कागद अर्धा बाहेर आला आणि त्याचा चेहरा बदलला. मग मात्र स्ट्रेचर असं पळालं, की मी मागं राहिले.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. बिराजदार उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, मिशा जागेवर. महानंदाकाकू मोसंबी सोलत होत्या.

"काका, कसं वाटतंय?"

ते तोंड उघडून थांबले. मग म्हणाले, "मॅडम, तो कागद आनलाय का? दोन पानी?"

"तुमचा भरलेला आहे ना."

"तो फाडा. नवा काढा."

मी पर्समधून फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं. त्यांनी काकूंकडं न बघता हाक दिली.

"महानंदे, जरा खाली जाऊन मॅडमला चहा सांग."

काकूंनी मोसंबी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून पलंगाला लावली.

"मी न्हाई जात," त्या म्हणाल्या. "मलाबी ऐकायचंय."