सुमनकाकूंची कौलं

आज सकाळी शेजारच्या सुमनकाकू पुन्हा शिडीवर चढलेल्या दिसल्या. माकडांनी फोडलेली कौलं काढून त्या नवी बसवत होत्या. छप्पर नव्याने घालायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या वाडीने त्यांना पत्रे घालायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. आजारपणानंतर काकांचा आवाज अगदी बारीक झालाय, आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू येत नाही.

ऊनपाऊस अडवला की छपराचं काम झालं, असं आपण धरून चालतो. पण त्याखाली माणसं एकमेकांशी बोलतातही.

"काकू, माकडं उद्या पुन्हा येतील," मी खालून म्हटलं.

"येऊ देत," त्या खाली न बघताच म्हणाल्या. "मीही पुन्हा चढेन. चार महिने ह्यांना गप्प बसवणारं छप्पर मला नको."