संघप्रियानं पुसलेले वळसे

गोंडपिपरी तालुक्यात संघप्रियासारखी पोरगी दुसरी नाई. असंल तर आनून दाखवा! चंद्रपूरले कंप्युटर शिकली अन् आता जंगलातल्या वाटा आखून राह्यली. चढ किती, नाला कुठी, हे सारं भरलं का तिचा प्रोग्राम सगळ्यात सोपी वाट काढून देते. मोठ्या मोठ्या सायबाईले जमत नाई ते!

जंगल पायी पाहाले येनाऱ्या पाहुण्याईसाठी गावाले वाट पाहिजे होती. मागच्या मार्चमधी म्हातारे मुखरूभाऊ खिशात जीपीएस टाकून तीन दिवस जंगलात हिंडले. त्याईच्या चालन्याची रेघ संघप्रियानं कंप्युटरवर पाह्यली, तर सहा जागी उगाच वळसे. मशीन बहकली असंल म्हनून तिनं ते पुसून टाकले. वाट दीड किलोमीटरनं कमी! डोकं म्हनतात ते हे.

यंदा मार्चमधी एका सकाळी वन समिती वाट पाहाले निघाली. अध्यक्ष बायनाबाई. तिनं सही केली तर वाट मंजूर, नाई तर संघप्रियाची वर्षभराची मेहनत पान्यात. फोन पाहत पाहत संघप्रिया ऐटीत पुढं चालली, अन् थेट एका मोहाच्या झाडाखाली घुसली.

"थांब वो माय!" बायनाबाई वरडली. "माह्या फुलाईवर पाय देतं का?"

झाडाखालची जागा झाडूनझुडून साफ केली होती, अन् तिच्यावर येचून विकाच्या पिवळ्या फुलाईचा सडा. मोहाच्या दिवसात दुसऱ्याच्या झाडाखालून कोनी जात नाई, वळसा घालून जाते. संघप्रियाचा चेहरा उतरला.

"मुखरूभाऊ, तुमी काऊन नाई सांगतलं?"

"चालून दाखवलं ना बाई! तूच पुसून टाकलं."

सारे हासले. पन ही पोरगी रडनारी नाई. तिथंच गोट्यावर बसली, लॅपटॉप उघडला. "बायनाबाई, कोनाचं झाड कुठी, सांगत जा." एक एक झाड तिनं नकाशात टाकलं, अन् प्रोग्रामले बजावलं: मार्च-एप्रिलमधी मोहाखालचं एक पाऊल म्हंजे दहा किलोमीटर समज. आता कंप्युटर कशाले जाते झाडाखाली? रेघ सरकली, अन् सहा नाई, नऊ वळसे घेतले!

मुखरूभाऊ डोळे बारीक करून पाहाले लागले. "हे तीन तर मीबी चुकलो होतो वो."

बायनाबाईनं बोटानं सारी रेघ तपासली. मंग तिथंच, संघप्रियाच्या पाठीवर कागद ठेवून सही ठोकली.

"वाट लंबी झाली," ती म्हने. "पाहुण्याईले सांगजो, भाकर बांधून या."