वरनं वतलेलं पानी

त्यानं किटली उचलली ती थेट कपाळाएवढी. मी हाटेलाच्या वट्याखाली उकिडवी बसलेली. एका काखेत लेक, दुसऱ्या हातात काचंची बाटली, बाटलीत दुधाची पावडर. मी म्हनलं, "दादा, जरा जवळनं वता. काच हाय, तडकंल."

"जवळनं? तुज्या बाटलीला किटली चिकटवू का आता?"

आन वतलं. उकळतं पानी, वरनं धार धरून. निम्मं बाटलीत, निम्मं माज्या मनगटावर. बाटली कट् करून तडकली, बूड गळून पडलं, पावडरीचा चिखल मातीत. माजी सुजाता भुकंनं कधीची रडत हुती. ती दचकून गप झाली, मग पुन्यांदा रडाया लागली.

हाटेलवाला म्हनला, "धरता येत न्हाई तर मागायचं कशाला?"

आत मानसं च्या पीत हुती. कुनी हासलंबी न्हाई. बशीत फुंकर मारत बसली. हासली असती तर बरं झालं असतं, मला शिवी तरी देता आली असती.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. मालक कल्यानला बांधकामावर गेल्ते. त्यांचा सांगावा आला, लेकराला घिऊन ये, हितं निदान पानी तरी हाय. मी तवा खडी फोडायच्या कामावर हुते. दीसभर हातोडा, पोटात वाटपातली सुकडी. अंगावरचं दूध आटून गेलं. लेकरू वढायचं, काय यायचं न्हाई, मग माज्या तोंडाकडं बघून रडायचं. कामावर येनाऱ्या नर्सबाईनं पावडर दिली, बाटली दिली, रबरी बूच दिलं आन बजावलं, "पाणी उकळलेलंच घ्यायचं. नसेल तर पाजूच नकोस."

मला बजावायची काय गरज नव्हती. सुजाताच्या आधीचा माजा पोरगा त्याच उन्हाळ्यात गेला. आमच्या वस्तीला टँकर आला न्हाई, झऱ्याचं गढूळ पानी पोटात गेलं, हगवन लागली, संपलं. तवापासनं उकळलेलं पानी म्हनलं की मला दुसरं काय दिसत नव्हतं. त्याच्यासाठी मी कुनाच्याबी दारात गेले असते, कुनाच्याबी पाया पडले असते. त्या फाट्यावर तशीच गेल्ते.

घरनं निघताना पानी उकळून औषधाच्या शिश्यांत भरून घेतलं हुतं. पन करंजीच्या घाटात यष्टी तापून बंद पडली. उन्हात बसून बसून शिश्या सपल्या. नगरच्या स्टँडवर उतरले तर कल्यानची गाडी सुटायला लागलेली, धावत पकडली. आता गाडी च्यापान्याला थांबंल तवाच काय ते. नगर सोडून बरंच लांब आल्यावर एका फाट्यावर थांबली. तवर लेकरू रडून रडून निळं पडलं हुतं.

आन आता सांगते, मला सगळ्यात जास्त कशानं झोंबलं. त्या हाटेलवाल्यानं आधी मलाबी "या बाई, आत बसा" म्हनलं हुतं. बाकड्यावरचा फडका झटकून जागा केली हुती. लेकरू बघून म्हनला, "लई भुकेजलंय. पानी ठेवलंच हाय."

माज्या मागनं आमच्या गावच्या पाटलीनबाई उतरल्या. आमच्या संगट पाथर्डीपासनं त्याच वाटेला. त्यांच्याबी कडंवर नातू, त्याचीबी बाटली. त्या आत आल्या, माज्याकडं बघितलं आन हाटेलवाल्याला म्हनल्या, "ही आमच्या गावच्या म्हारवाड्यातली हाय."

रागानं न्हाई म्हनल्या. भाजीत मीठ टाकलंय असं सांगावं, तसं सांगितलं.

मी म्हनलं, "आमी बौद्ध हाय."

हाटेलवाला म्हनला, "तेच ते. वट्याखाली बस."

शिवाशिव बंद करायचा कायदा आला हुता म्हनं. यष्टीसारखा तोबी घाटातच बंद पडला असंल.

मी वट्याखाली बसले. लेकरासाठी बसले. आत त्यानं पाटलीनबाईंच्या नातवाची बाटली सोताच्या हातानं ऊन पान्यात ठेवली, काढली, पुसली, आन लई तर तापली न्हाई ना म्हनून गालाला लावून बघितली. मी खालनं बघत हुते. त्याच मानसाचे तेच हात. मग माजी पाळी आली आन ते हात कपाळाएवढे वर गेले.

बाटली फुटल्यावर पाटलीनबाईंनाबी वाईट वाटलं. तसं मी म्हननार. त्या वट्याच्या कडंला आल्या, नातवाचं उरलेलं दूध दावलं आन म्हनल्या, "अगं ए, रडू नको. वंजळ धर, वतते."

वंजळ. दुधावरचं लेकरू वंजळीतनं दूध पितंय का? एवढी नातवंडं खेळवलेली बाई, तिला हे कळत नव्हतं? कळत हुतं. पन आमच्या हातात काय द्यायचं तर वरनं सोडायचं, हे तिला लेकराच्या भुकंच्या आधी कळत हुतं. आमच्या भाकरीचं तसं, ताकाचं तसं, मजुरीचं तसं. जन्मभर मी वंजळ धरलेली. त्या टायमालाबी माजे हात सवयीनं म्होरं झाले, हे मला दिसलं.

मी हात मागं घेतले.

"नको," मी म्हनलं.

"आगं लेकरू उपाशी हाय. मस्ती करायची येळ हाय का ही?"

मी उठले. वट्यावर चढले, आत गेले. ताटलीतला धुतलेला कप घेतला, बशी घेतली, चमचा घेतला. भट्टीपाशी जाऊन किटली उचलली आन तिची तोटी कपाला टेकवून पानी वतलं. जवळनं. एक थेंब बाहेर सांडला न्हाई. मग बाकड्यावर बसले, पदरातली पुडी सोडली, पावडर कालवली, बशीत निववत बसले.

"किटली बाटवली हिनं," हाटेलवाला वरडला. "ए, ऊठ. ऊठ म्हनतो ना."

तो हात उगारून माज्या अंगावर आला. मी लेकराला छातीशी धरलं आन डोळं न मिटता त्याच्याकडं बघत ऱ्हायले. हात हवेतच थांबला. आधी मला वाटलं, लेकरू बघून थांबला. मग उमजलं. मला मारायचं म्हनजे मला शिवायचं. धरून बाहेर काढायचं म्हनजेबी शिवायचं. त्याच्या रीतीनं त्याचाच हात बांधून टाकला हुता.

मी चमच्यानं पाजाया लागले. पयला चमचा लेकरानं थुकला. दुसरा गिळला. मग तोंड वासूनच बसलं.

कंडक्टर दारात आला. "बाई, गाडी सुटती. चल."

"लेकराचं झाल्याबिगर मी उठत न्हाई."

"मग ऱ्हा हितंच. मला गाडी टायमात न्यायची हाय."

पाटलीनबाई खिडकीत जाऊन बसल्या हुत्या. माज्याकडं बघून त्यांनी मान फिरवली. घंटी वाजली, गाडी गेली. कल्यानला मालक स्टँडवर वाट बघत बसनार, काळजीनं अर्धे हुनार, ठावं हुतं. तरी कप रिकामा हुईस्तवर मी उठले न्हाई.

मी उठल्यावर हाटेलवाल्यानं चिमटा घेतला, किटलीची कडी चिमट्यात धरली आन किटली रस्त्यावर भिरकावली. मागनं कप, बशी. कप फुटला. किटलीला नुसता पोचा पडला. मी ती उचलली, पदरानं पुसली आन पिशवीत घातली. लेकराचं पानी उकळायला मला भांडं पायजेच हुतं.

दुसरी गाडी दीस कलल्यावर यायची हुती. मी फुफाट्यातल्या बाभळीच्या सावलीत बसले. मनगटावर हा एवढा फोड. लेकरू पोट भरून झोपलं. मला वाटलं, आता रडू यील. आलं न्हाई. राग आला. हाटेलवाल्याचा आला, पाटलीनबाईंचा आला, माजाबी आला. आमच्या गावच्या आडावर आमी बाया घागर घिऊन खाली उभ्या ऱ्हातो. वर कुनीतरी पानी शेंदतं, त्याला दया आली तर वतनार. माजी आई तशी उभी ऱ्हायली, सासू उभी ऱ्हायली. माजं पोरगं गेलं त्या दिशी मी तिथं सकाळपासनं उभी हुते. आडाला पानी हुतं. वतायला कुनी नव्हतं. म्हनून मी झऱ्यावर गेले.

सगळी मला सांगायची, देवाची इच्छा. देवाचा काय संबंध? आडापासनं मी हातभर लांब हुते.

तिथं बाभळीखालीच ठरवलं. कल्यानला जाईन, लेकरू वाढवीन, पन गावाला परत येनार. आडावर जानार. घागर घिऊन खाली उभी ऱ्हानार न्हाई. वर चढनार आन पोहरा माज्या हातानं आत सोडनार. सगळा गाव आडवा आला तरी सोडनार.

मला अडवायचं असंल तर आधी मला शिवावं लागंल.