डेलियाची जांभळी पाकळी

शिवणकाम सोडल्यावर मावशींनी परसातली फुलं रंगवायला घेतली. जाड रंगाचे फटकारे, त्यावर शाईचे ओघळ आणि पाकळ्यांच्या जागी डिंकाने डकवलेली कापडाची कात्रणं. कात्रणांना काय तोटा? गिऱ्हाइकांना "कापड पुरलं नाही हो" सांगण्यात हयात गेली होती.

एकदा शेजारीण चहाला आली आणि भिंतीवरच्या डेलियापाशी थबकली. मधली जांभळी रेशमी पाकळी तिने बोटांनी चाचपली, मग स्वतःच्या ब्लाउजकडे पाहिलं. कापड तेच, शिवलेलाही मावशींनीच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मावशींना झालं.

"फूल अगदी जिवंत उतरलंय," शेजारीण म्हणाली आणि सहा वर्षं ओढत आली होती तशीच आखूड बाही कोपराकडे ओढत राहिली.